ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये जातायत, तिन्ही रेकॉर्ड टाकलेत तरी (एसपीएफ, डीकिम, डीमार्क)

कलमी_हापूस:
नमस्कार मंडळी. देवगडला आमची बाग आहे, पेट्या थेट गिऱ्हाईकाला पाठवतो. वेबसाईट वर्डप्रेसवर, त्यावर वूकॉमर्स (ऑनलाईन दुकानाचं प्लगिन), ऑर्डर आली की गिऱ्हाईकाला आपोआप मेल जातो की पैसे पोचले, पेटी अमुक तारखेला निघेल. यंदा बुकिंग सुरू झाल्यापासून नुसते फोन, मेल आला नाही, मेल आला नाही, मग स्पॅममध्ये बघा म्हटलं की काहींना सापडतो आणि काहींना तिथेही नाही. वेबसाईट करणारा मुलगा आता दुबईला असतो, त्यानेच जाताना एसपीएफ (आमच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे त्याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ती सूचना) सगळं टाकून दिलं होतं. ऑनलाईन चेकरमध्ये डोमेन टाकलं की तिन्हीपुढे हिरवी खूण येते, मग अडतंय कुठे?

आमचं असं आहे: वेबसाईट शेअर्ड होस्टिंगवर, ऑफिसचे मेल गूगल वर्कस्पेसवर, सीझनच्या तोंडावर जुन्या गिऱ्हाईकांना मेलचिंपवरून एक मेल जातो, आणि बिलं अकाउंटंटच्या सॉफ्टवेअरमधून जातात पण पाठवणारा म्हणून पत्ता आमचाच दिसतो.

(मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे रेकॉर्डसुद्धा देवनागरीतच लिहिणार, सांभाळून घ्या.)

सर्व्हरकाका:
चेकर एवढंच बघतो की रेकॉर्ड आहे का आणि नीट लिहिलाय का. तुमचा मेल प्रत्यक्षात कुठल्या मशीनवरून निघतोय हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. स्वतःच्या जीमेलवर एक खोटी ऑर्डर टाका, मेल आला की उजवीकडचे तीन ठिपके, शो ओरिजिनल, आणि वरच्या चौकटीत तिन्हीपुढे काय लिहिलंय ते इथे टाका. कुठल्या डोमेनसाठी पास हेही लिहा, नुसतं पास फेल नको. तसाच एक मेल वर्कस्पेसमधून हाताने पाठवून त्याचंही.

कलमी_हापूस:
काका, वेबसाईटच्या मेलला: एसपीएफ पास, पण पुढे आमचं डोमेन नाहीच, होस्टिंगच्या सर्व्हरचं लांबलचक नाव आहे. डीकिमची ओळच नाही. डीमार्क फेल.
वर्कस्पेसच्या मेलला: एसपीएफ पास आमच्या डोमेनला, डीकिम पास पण तिथे आमचं नाव आणि मागे आकडे आणि जीएपीपीएसएसएमटीपी डॉट कॉम असं काहीतरी शेपूट, डीमार्क पास.
एसपीएफ पास असून डीमार्क फेल कसं काय?

सर्व्हरकाका:
तेच तर दुखणं आहे. मेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक पाकिटावरचा आणि एक आतल्या लेटरहेडवरचा. पाकिटावरचा म्हणजे रिटर्न पाथ, मेल परत आला तर कुठे जायचा तो पत्ता, हा वाचणाऱ्याला दिसत नाही. लेटरहेडवरचा म्हणजे फ्रॉम, गिऱ्हाईकाला दिसतो तो. एसपीएफ फक्त पाकीट तपासतं. वर्डप्रेस काही सांगितलं नाही तर पीएचपीच्या मेल फंक्शनने मेल टाकतं, तेव्हा पाकिटावर होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं नाव पडतं, त्या सर्व्हरला तो मेल पाठवायची परवानगी आहेच म्हणून एसपीएफ पास. पण आत लेटरहेडवर तुमचं डोमेन. डीमार्क म्हणतं, पास झालेलं नाव आणि गिऱ्हाईकाला दिसणारं नाव एकच पाहिजे. याला अलाइनमेंट म्हणतात आणि पुस्तकं वाचून रेकॉर्ड टाकणारे बहुतेक लोक इथेच गाळात रुततात.

डीमार्क पास व्हायला दोनपैकी एक पुरतं: एसपीएफ पास आणि नाव जुळलेलं, किंवा डीकिम पास आणि नाव जुळलेलं. तुमच्या वेबसाईटच्या मेलकडे दोन्हीतलं एकही नाही.

वर्कस्पेसचं ते शेपूट म्हणजे तुमच्या डोमेनचं डीकिम चालूच केलेलं नाही, गूगल स्वतःच्या नावाने सही मारतंय. एसपीएफ जुळतंय म्हणून तरलंय. कोणी तो मेल पुढे फॉरवर्ड केला की तेही जाणार.

घाटावरची:
मी सातारची, आमच्या पतसंस्थेचं हे सगळं माझ्याच गळ्यात आहे, संगणक येतो म्हणून. एक बाळबोध प्रश्न विचारते, फ्रॉममध्ये कोणीही काहीही लिहू शकतं हे मुळात चालूच कसं दिलं?

सर्व्हरकाका:
अहो १९८२ चा एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) आहे तो. तेव्हा नेटवर विद्यापीठं आणि सरकारी प्रयोगशाळा, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, खोटं नाव कशाला कोण लावेल असा हिशोब. ठिगळं मग एकेक करून आली. एसपीएफचं पहिलं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) २००६ चं, डीकिमचं २००७ चं, याहूचं डोमेनकीज आणि सिस्कोचं एक असं दोन्ही एकत्र करून ते केलं, आणि डीमार्कचं २०१५. पण लोकांनी मनावर घेतलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, गूगल आणि याहूने सक्ती केली तेव्हा. जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात, त्याखालच्यांना एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांसाठी ५ मे २०२५ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना तेच लावलं. छोट्यांना वाटतं आपण कुठे ५००० पाठवतो, पण डीमार्क फेल असलेला मेल छोट्याचा असो की मोठ्याचा, त्याच्याकडे संशयानेच बघणार.

टर्मिनल_वेडा:
कलमी भाऊ, तुमचा एसपीएफ रेकॉर्ड टाका ना इथे, मला त्यात पण काहीतरी वास येतोय.

कलमी_हापूस:
व्ही=एसपीएफ१ +ए +एमएक्स +आयपी४:(होस्टिंगचा आयपी) इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम इन्क्लूड:सर्व्हर्स.एमसीएसव्ही.नेट ~ऑल

टर्मिनल_वेडा:
वाटलंच. पहिले तीन तुकडे सीपॅनेलने (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) स्वतःहून टाकलेले असतात आणि कोणी काढत नाही. आता बघा, होस्टिंग शेअर्ड आहे, म्हणजे त्याच आयपीवर अजून शेकड्याने वेबसाईट असतील, आणि तुम्ही जगाला लिहून दिलंय की या आयपीवरून माझ्या नावाने आलेला मेल खरा. त्यातली एखादी वेबसाईट हॅक झाली आणि तिथून कोणी पाकिटावर आणि आत दोन्हीकडे तुमचं नाव घालून मेल टाकला तर एसपीएफ पास, नाव जुळलेलं, डीमार्क पास. आपणच दार उघडून दिल्यासारखं आहे हे. वेबसाईटचे मेल दुसरीकडून पाठवायला लागलात की हा आयपी उडवा.

डोमेन क्लाउडफ्लेअरवर आहे का? असेल आणि केशरी ढग चालू असेल (म्हणजे वेबसाईटची ये-जा क्लाउडफ्लेअरमधून) तर +ए, म्हणजे वेबसाईटचा आयपी, याचा अर्थ क्लाउडफ्लेअरचे आयपी, ज्यावरून तुमचा मेल कधीच जात नाही. +एमएक्स म्हणजे गूगलचे मेल घेणारे सर्व्हर, त्याचाही पाठवण्याशी संबंध नाही. आणि मेलचिंपचा इन्क्लूड (त्यांची यादी आपल्या यादीत जोडणारा तुकडा) पण बिनकामाचा, कारण ते पाकिटावर स्वतःचं डोमेन लावतात, त्यांच्यासाठी डीकिमचे सीनेम (त्यांच्या नावाकडे बोट दाखवणारे रेकॉर्ड) टाकायचे असतात बस.

फुकटचे तुकडे ठेवू नये कारण एसपीएफला डीएनएसच्या (डोमेनचे रेकॉर्ड जिथे असतात ती इंटरनेटची वही) १० चौकश्यांची मर्यादा आहे. ए, एमएक्स, इन्क्लूड सगळे मोजले जातात, इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही. आयपी४ ला काही लागत नाही. दहाच्या वर गेलं की परमएरर, म्हणजे रेकॉर्ड असून नसल्यासारखा. आज बसतंय, उद्या एसएमएसवाल्याचा, क्रेडिट कार्ड गेटवेचा, हेल्पडेस्कचा इन्क्लूड टाकला की गेलं वर.

घाटावरची:
अय्या, आमच्याकडे एसपीएफचे दोन वेगवेगळे टेक्स्ट रेकॉर्ड आहेत, एक जुन्या मेलवाल्याचा आणि एक नवीन आला तेव्हा त्याने टाकायला लावला. चालतात का दोन?

टर्मिनल_वेडा:
नाही ताई, बिलकुल नाही. दोन असले की दोन्ही बाद, तोच परमएरर. एकाच ओळीत दोन्ही इन्क्लूड घ्या, शेवटी ऑल एकदाच. जुना मेलवाला बंद केला असेल तर त्याचा इन्क्लूड ठेवूच नका.

कलमी_हापूस:
क्लाउडफ्लेअरच आहे, ढग केशरीच. बरं, क्रमाने काय करू सांगा. पेट्या निघायला लागल्यात, चालू सीझनमध्ये काही बिघडलं तर घरचे मला बागेतच पुरतील.

सर्व्हरकाका:
घाबरू नका. डीमार्कमध्ये सध्या काय आहे, पी=नन ना? मग काहीही केलं तरी तुमच्या डीमार्कमुळे मेल अडणार नाही, नन म्हणजे फक्त बघा आणि कळवा.

पहिलं काम वर्कस्पेसचं डीकिम. ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, जीमेल, ऑथेंटिकेट ईमेल, तिथे २०४८ बिटची की (सहीची किल्ली) तयार करा. ती टेक्स्ट रेकॉर्डमध्ये टाकायची, नाव गूगल डॉट अंडरस्कोअर डोमेनकी एवढंच. पुढे आपलं डोमेन लिहू नका, पॅनेल ते स्वतः जोडतं, नाहीतर डोमेन दोनदा लागतं आणि माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. रेकॉर्ड दिसायला लागला की परत त्याच पानावर जाऊन स्टार्ट ऑथेंटिकेशन दाबायचं. हे बटण लोक विसरतात, रेकॉर्ड आहे, चेकर हिरवा आहे, आणि सही चालूच नाही. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.

दुसरं, वर्डप्रेसला एसएमटीपीचं प्लगिन लावा आणि वर्कस्पेसच्या एका खात्यातून पाठवा. ऑर्डर्स ॲट तुमचं डोमेन असं वेगळं खातं केलंत तर उत्तम. साधा पासवर्ड चालत नाही, टू स्टेप चालू करून ॲप पासवर्ड घ्या किंवा प्लगिनमधून गूगल लॉगिन जोडा. एका खात्याला दिवसाला २००० मेलची मर्यादा आहे, पेट्यांच्या ऑर्डरला पुरेल ना?

कलमी_हापूस:
२००० पेट्या रोज गेल्या तर मी तुम्हाला सगळ्यांना फुकट आंबे पाठवीन.

टर्मिनल_वेडा:
लिहून ठेवलं.
एक गंमत सांगतो डीकिमच्या कीवरून. डिसेंबर २०११ मध्ये झॅकरी हॅरिस म्हणून फ्लोरिडातला एक गणितज्ञ, त्याला गूगलच्या रिक्रूटरचा मेल आला, याला वाटलं खोटा असेल म्हणून त्याने हेडर उघडून बघितलं तर गूगल डॉट कॉमची डीकिम की फक्त ५१२ बिटची. त्याला वाटलं ही मुद्दाम ठेवलेली परीक्षा असणार, मग ॲमेझॉनची मशीन भाड्याने घेऊन ती फोडली आणि सर्गेई ब्रिनच्या नावाने लॅरी पेजला मेल टाकला, स्वतःच्या वेबसाईटची लिंक देऊन, आणि उत्तर यावं म्हणून रिटर्न पाथ स्वतःचा ठेवून. उत्तर काही आलं नाही पण दोन दिवसांत गूगलची की २०४८ ची झाली. परीक्षा वगैरे काही नव्हती, खरंच ढिसाळ होती. म्हणून कुठलं पॅनेल १०२४ आणि २०४८ विचारत असेल तर २०४८ घ्या. फक्त ती लांब असते, टेक्स्ट रेकॉर्डच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, काही जुनी पॅनेल्स पुढचं गपचूप कापून टाकतात. टाकल्यावर शेवटची अक्षरं जुळवून बघा. क्लाउडफ्लेअर स्वतः तुकडे करतं, तिथे चिंता नाही. पण मेलचिंपचे सीनेम टाकताना ढग करडा पाहिजे, केशरी ठेवला तर डीकिम चालणार नाही.

बे_एरियाची_माई:
वाचत होते म्हणून लिहिते. इकडे आमच्या मंडळाची मेलिंग लिस्ट मी बरीच वर्षं सांभाळते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने एक दिवस अचानक स्वतःच्या डोमेनला पी=रिजेक्ट (डीमार्क फेल झालेला मेल घेऊच नका) लावलं, आणि ज्यांचे पत्ते याहूचे (तेव्हा अर्धं मंडळ याहूवर होतं) त्यांनी लिस्टवर काही लिहिलं की बाकीच्यांकडून तो मेल परत यायला लागला. कारण लिस्ट विषयाच्या पुढे मंडळाचं नाव चिकटवते, खाली तळटीप जोडते, मजकूर बदलला की डीकिमची सही मोडली, आणि पाठवणारा सर्व्हर लिस्टचा म्हणून एसपीएफही जुळत नाही. वर परत आलेल्या मेलमुळे ज्यांनी काही केलं नाही अशांची नावं लिस्टमधून आपोआप उडायला लागली. गणपतीच्या कमिटीत किती भांडणं झाली त्यावरून! तेव्हापासून लिस्टची सॉफ्टवेअर फ्रॉम बदलून अमुक व्हाया तमुक असं लिहायला लागली. तेव्हा रिजेक्ट लावायच्या आधी आपली माणसं कुठल्या कुठल्या ग्रुपवर त्या डोमेनवरून लिहितात ते विचारून घ्या.

सर्व्हरकाका:
माईंनी बरोबर सांगितलं. आणि नुसतं फॉरवर्ड असेल, मजकूर जसाच्या तसा, तर एसपीएफ मोडतं पण डीकिम टिकतं. म्हणून मी म्हणतो की एसपीएफ असू द्या पण भरवसा डीकिमवर ठेवा, जिथून जिथून मेल निघतो त्या प्रत्येक ठिकाणी.

कलमी_हापूस:
झालं! डीकिम चालू केलं, प्लगिन लावलं, एसपीएफमध्ये आता फक्त गूगल आणि ~ऑल. खोट्या ऑर्डरचा मेल इनबॉक्समध्ये पडला, तिन्ही पास आणि तिन्हीकडे आमचंच नाव. डीमार्कमध्ये आरयूएचा पत्ता दुबईवाल्याचा होता, रिपोर्ट सगळे त्याच्याकडे जात होते, तो म्हणाला हो येतात रोज, मी उघडत नाही. आता माझा पत्ता टाकलाय. पण येतं काय तर झिप आणि आत एक्सएमएल, डोळे फिरले.

आणि एक, वेबसाईटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून काहींचे मेल मला येतात, काहींचे येत नाहीत. याहूवाल्या एका बाईंनी फोन केला की तीनदा फॉर्म भरला. हे यातलंच का?

टर्मिनल_वेडा:
यातलंच. फॉर्मच्या सेटिंगमध्ये फ्रॉम म्हणून भरणाऱ्याचा पत्ता टाकलेला असेल, म्हणजे तुमची वेबसाईट याहूच्या बाईंच्या नावाने मेल पाठवतेय आणि याहूचं डीमार्क सांगतं रिजेक्ट करा. फ्रॉम तुमचा स्वतःचा ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय टू मध्ये. किती दुकानांची गिऱ्हाइकं या एका सेटिंगपायी गेली असतील देव जाणे.

सर्व्हरकाका:
एक्सएमएल हाताने वाचू नका. डीमार्क रिपोर्ट वाचून तक्ता करून देणाऱ्या फुकट सेवा आहेत, त्यांचा पत्ता आरयूएमध्ये टाकला की झालं. (रिपोर्ट दुसऱ्या डोमेनवर मागवायचे असतील तर त्या डोमेनवाल्याला परवानगीचा रेकॉर्ड ठेवावा लागतो, या सेवांनी तो ठेवलेला असतो. मित्राच्या डोमेनचा पत्ता नुसता टाकलात तर नियम पाळणारे तिकडे पाठवणार नाहीत.) तक्त्यात आयपी, किती मेल, एसपीएफ कुठल्या नावाने, डीकिम कुठल्या नावाने, एवढंच बघायचं. ओळखीचा पण फेल होणारा आयपी दिसला की ते आपलं राहिलेलं काम. अनोळखी आणि दोन्ही फेल, तो एकतर कोणाचं फॉरवर्डिंग नाहीतर भामटा.

कलमी_हापूस:
दोन आठवड्यांनी आलो परत. तक्ता बघितला. मेलचिंप आता डीकिमने जुळतंय. अकाउंटंटचं सॉफ्टवेअर सगळंच्या सगळं फेल, आणि बिलं तर तीच जातात गिऱ्हाईकाला. त्यांना विचारलं तर म्हणाले आमच्याकडे डीकिमचा पर्याय मोठ्या प्लॅनमध्ये आहे. बाकी कुठल्यातरी परदेशी आयपींवरून थोडे थोडे मेल आमच्या नावाने निघालेत, आम्ही पाठवलेले नाहीत.

घाटावरची:
मोठा प्लॅन घेऊ नका. आमचंही असंच होतं. त्यांना सांगून फ्रॉममध्ये त्यांचाच पत्ता, नाव तुमचं आणि रिप्लाय टू तुमचा करून घ्या, गिऱ्हाईकाला फरक पडत नाही.

सर्व्हरकाका:
किंवा बिलांसाठी सबडोमेन. तेही त्यांनी सही करून दिली तरच. ताईंचा उपाय स्वस्त आहे.

ते झालं की पुढची पायरी पी=क्वारंटाईन, फेल झालेले स्पॅममध्ये. रिजेक्टला मात्र घाई नको, पेट्यांचा हंगाम उरकू दे, पाऊस लागला की निवांत करा.

टर्मिनल_वेडा:
आणि एसपीएफचं ~ऑल (यादीबाहेरचा सर्व्हर संशयित) बदलून -ऑल (यादीबाहेरचा नाकारा) करा, कडक ठेवा.

सर्व्हरकाका:
नको. डीमार्क असताना -ऑलने वेगळं काही मिळत नाही, उलट काही सर्व्हर -ऑल बघून दारातच मेल परत करतात, डीकिम बघायची वेळच येत नाही. फॉरवर्ड झालेला तुमचा खरा मेल त्यात मरतो. डीमार्कच्या आरएफसीमध्येच हा धोका लिहिलाय.

टर्मिनल_वेडा:
हं, ते आहे. पण ज्याने डीमार्क लावलंच नाही त्याने तरी -ऑल लावावं असं माझं मत.

सर्व्हरकाका:
त्याने डीमार्क लावावं असं माझं.

बे_एरियाची_माई:
रिजेक्ट लावलं की जीमेलमध्ये नावापुढे लोगो दिसतो म्हणे?

टर्मिनल_वेडा:
ते बिमी, माई. रिजेक्ट किंवा क्वारंटाईन लागतंच, पण त्यावर लोगोचं सर्टिफिकेट लागतं दरवर्षी पैसे भरून, आणि निळी खूण पाहिजे तर लोगो रजिस्टर्ड ट्रेडमार्क हवा. आंबेवाल्यांनी त्या पैशात पेट्यांचे पुठ्ठे घ्यावेत.

घाटावरची:
एक राहिलं. आमच्या एका सभासदाला पतसंस्थेच्या नावाने मेल आला, खाते क्रमांक बदललाय म्हणून. नंतर बघितलं तर डोमेनमध्ये एक अक्षर जास्त होतं. रिजेक्ट लावलं असतं तर थांबला असता का?

सर्व्हरकाका:
नसता थांबला. डीमार्क तुमच्या हुबेहूब डोमेनचं रक्षण करतं, मिळत्याजुळत्या नावाचं नाही. त्या भामट्याने स्वतःच्या डोमेनला तिन्ही रेकॉर्ड लावले असतील तर त्याचा मेल तिन्हीत पास होईल. त्यासाठी सभासदांना सांगणं आणि खातं बदललं की फोनवर खात्री करणं, दुसरा इलाज नाही. जवळची दोनचार नावं स्वतःच विकत घेऊन ठेवणारेही आहेत.

कलमी_हापूस:
आम्ही डॉट इनवालं घेऊन ठेवलंय, त्यावर मेल नाही काही नाही. त्याला पण लागतं का हे?

सर्व्हरकाका:
लागतं, भामट्यांना तसलीच रिकामी डोमेनं आवडतात. एसपीएफ: व्ही=एसपीएफ१ -ऑल, इथे -ऑलच. डीमार्क थेट पी=रिजेक्ट. आणि नल एमएक्स, म्हणजे इथे मेल घेतच नाही असं सांगणारा रेकॉर्ड, प्रायॉरिटी शून्य आणि सर्व्हरच्या जागी नुसता टिंब.

कलमी_हापूस:
पहिले दोन टाकले. हे डोमेन जुन्या रजिस्ट्रारकडेच आहे, त्याचं पॅनेल नुसता टिंब घेत नाही, म्हणतं व्हॅलिड होस्ट लिहा.

सर्व्हरकाका:
मग राहू द्या, एमएक्स ठेवूच नका. फक्त एक, एमएक्स नसला की पाठवणारे ए रेकॉर्डच्या आयपीवर मेल टाकून बघतात, तेव्हा त्या डोमेनवर वेबसाईट नसेल तर रजिस्ट्रारने पार्किंगच्या पानाचा जो ए रेकॉर्ड टाकलेला असतो तोही काढून टाका.

कलमी_हापूस:
काढला.